छातीवरची किल्ली

मास्तर गिऱ्हाइकाचं जॅकेट अंगात घालून आरशासमोर उभे होते आणि स्वतःलाच सॅल्यूट ठोकत होते. रविवार होता, दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, बघायला कोणी नव्हतं. खरं तर रविवारी दुकान उघडायचं काही कारण नव्हतं. पण बायको गेल्यापासून घरात भिंतींशी बोलावं लागे, इथे निदान शिलाई मशीन उलट उत्तर देई.

जॅकेट म्हणजे जुन्या लढाऊ वैमानिकांच्या चामडी जॅकेटाची नवीकोरी नक्कल. हौशी लोक अशी जॅकेटं विकत घेत, कुठून कुठून खऱ्या स्क्वाड्रनचे जुने बिल्ले पैदा करत आणि ते शिवून घ्यायला मास्तरांकडे येत. नक्कल अंगावर, अस्सल छातीवर! आजच्या बिल्ल्यावर पंख पसरलेलं घुबड होतं.

"एरवी कोणाला घुबड म्हणून बघा, अंगावर धावून येईल," मास्तर आरशाला म्हणाले. "आणि हे साहेब छातीवर मिरवणार."

बोलता बोलता त्यांनी घराची किल्ली जॅकेटाच्या आतल्या खिशात टाकली. कोट घातला की किल्ली आत, ही तीस वर्षांची सवय. कोट कोणाचा, हे सवयीला कळत नाही.

मग जॅकेट काढून त्यांनी बिल्ला डाव्या छातीवर चिकटवला, मशीनखाली घेतला, आणि बाराच्या ठोक्याला फोन वाजला. परगावी असलेली मुलगी दर रविवारी याच वेळी फोन करी.

"बाबा, जेवलात? शेजारी जादा किल्ली ठेवलीत का? मागच्या वेळी पण सांगितलं होतं मी."

"ठेवतो गं. अगं, आज एक गंमत..."

"बाबा, दुसरा फोन येतोय. पुढच्या रविवारी बोलू हं!"

गंमत तोंडातच राहिली. मास्तरांनी मशीन सुरू केलं. आतलं अस्तर आणि खिसा बाजूला धरून फक्त चामड्यावर टीप मारायची, हा या कामातला पहिला धडा. पण मास्तरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टीप घुबडाभोवती गोल फिरली ती चामडं, अस्तर आणि खिसा, सगळ्यांना एकत्र बांधूनच. तेवढ्यात गिऱ्हाईक घाईघाईने आलं, जॅकेट घालून आरशात छाती फुगवून पाहिली आणि निघूनही गेलं.

संध्याकाळी घराच्या दारात उभं राहून मास्तरांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि तिथेच कपाळावर हात मारला.

गिऱ्हाईक सापडणं कठीण नव्हतं. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून निवृत्त झालेला तो एकटा माणूस. विमानात कधीच बसला नव्हता, म्हणून जॅकेटवाल्यांच्या हौशी मंडळाचे लोक त्याला चेष्टेने कॅप्टन म्हणत. मंडळाची बैठक रविवारी संध्याकाळीच असे. मास्तर धापा टाकत तिथे पोचले, तर कॅप्टनभोवती ही गर्दी!

"हात लावून बघा," कॅप्टन छातीवर टकटक करत होते. "लागतेय ना किल्ली? उड्डाणाआधी वैमानिक घराची किल्ली काळजाजवळ शिवून घ्यायचे. म्हणजे माणूस घरी परत येतोच!"

"नक्की?" कोणीतरी विचारलं.

"हे काय, मास्तरच आले! विचारा त्यांना."

वीस डोकी एकदम वळली. मास्तरांचा हात आपोआप रिकाम्या खिशात गेला. 'ती माझी किल्ली आहे, मुकाट्याने द्या,' एवढंच म्हणायचं होतं. पण कॅप्टन त्यांच्याकडे असे बघत होते, की मास्तरांना ते म्हणवेना.

"हो," मास्तर म्हणाले. "तशी... पद्धत होती खरी."

त्या संध्याकाळी किल्लीवाल्याने कुलूप फोडून नवीन बसवलं आणि तीन किल्ल्या हातात ठेवल्या. "एक तुम्हाला, एक घरच्यांना, एक शेजारी." मास्तर एक घेऊन झोपले. उरलेल्या दोन सकाळी दुकानातल्या टेबलावर जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात रीघ लागली. प्रत्येकाच्या एका हातात जॅकेट, दुसऱ्या हातात घराची किल्ली. "अगदी कॅप्टनसारखं पाहिजे, मास्तर!" नाही म्हणायची सोय नव्हती, आपणच साक्ष दिलेली. आठवडाभरात तीन घरांची कुलपं फुटली. एकाची बायको तर तरातरा दुकानात आली.

"माझ्या नवऱ्याच्या छातीत किल्ली तुम्हीच शिवलीत?"

"छातीत नाही हो ताई, छातीवर."

"मी दोन तास जिन्यावर बसले होते!"

शनिवारी कॅप्टन स्वतः आले. दारातच घुटमळले.

"मास्तर, ती किल्ली तुमची आहे ना?"

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"मंडळात आलात, तेव्हा तुमचा हात रिकाम्या खिशात गेला. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"चार वर्षं जातोय मी तिथे," कॅप्टन घुबडावर हात ठेवून म्हणाले. "त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, 'मग पुढे काय झालं?' मोह झाला हो. उसवा. देऊन टाकतो."

"ती आता कुठलंच दार उघडत नाही, साहेब. कुलूप बदललं."

तरीही मास्तरांनी बिल्ला उसवला, जुनी किल्ली बाहेर काढली आणि घुबड पुन्हा मशीनखाली घेतलं. सुई एकेका जुन्या भोकातूनच खाली जाऊ दिली. नवं एकही पाडलं नाही. या खेपेला अस्तर आणि खिसा नीट बाजूला धरला होता. काम झाल्यावर त्यांनी टेबलावरची एक नवीन किल्ली उचलली आणि जॅकेटाच्या आतल्या खिशात टाकली.

"अहो, पण खिसा उघडाच राहिला! पडेल की ही."

"वापरलीत तर नाही पडणार," मास्तर म्हणाले. "उद्या रविवार आहे. दुकान बंद ठेवतोय."

रविवारी बाराच्या ठोक्याला घरी फोन वाजला.

"बाबा, शेजारी किल्ली ठेवलीत का एकदाची?"

"एका वैमानिकाकडे ठेवलीय."

"कोणाकडे? बाबा, नीट सांगा बरं. आज मला वेळ आहे."

दाराच्या कुलपात कोणीतरी किल्ली उलटी घालून खडखड करत होतं.

"पुढच्या रविवारी बोलू हं, बाळ," मास्तर म्हणाले. "घरी माणूस आलंय."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फोन त्यांनी आधी ठेवला.