सुतारांच्या कपाटाची मोहीम

थोरामोठ्यांच्या लढाया पुष्कळांनी लिहिल्या. सुतारांच्या कपाटाची मोहीम लिहिणारा कोणी निघाला नाही, सबब घडले तैसे, पदरचे थोडके घालून, निवेदन करितो.

परगण्यात काळ फिरला. निम्मी घरे कुलपे लावून कारखान्याच्या शहरी गेली, आणि जी राहिली ती तयार पलंग-टेबले टेम्पोने आणवू लागली, आणि मग अखंडितप्रतापी सुतार यांचा रंधा धूळ खात पडला. त्याच सुमारास त्यांच्या कुटुंबास शहरी बिस्किटांच्या कारखान्यात मुकादमीची सनद मिळाली. बाईसाहेबांनी सात घरे नापसंत करून आठवे मुक्रर केले आणि कूच जाहीर केले. सुतार मनी फार खजील झाले. बायकोच्या पगारावर बसून खावे, हे दुःख सांगावे तरी कोणास? परंतु कपाट मदतीस आले.

ते अजस्र कपाट त्यांनी लग्नाच्या साली खोलीतच बसून घडविले होते, आणि दाराचे माप घ्यावयाचे राहिले होते. ही चूक कोणास ठाऊक नाही, ऐसा त्यांचा समज. त्यांनी फर्मावले की, कपाट दारातून निघत नाही, आणि त्यास एकटे टाकणे आमच्याने होणे नाही, सबब आम्ही येथेच राहू.

मग मेहुणे सरदार दोन हमालांनिशी चालून गेले. कपाट आडवे केले, तिरके केले, आणि मेहुण्यांचा अंगठा चौकटीत चेंगरून कामास आला, आणि फौज घामाघूम होऊन माघारी फिरली. सुतार स्टुलावर बसून संतोष पावत होते.

तेव्हा बाईसाहेब पुढे झाल्या. बोलल्या, "कपाट आलं तर बरंच. नाही आलं तर कपडे दोरीवर टांगीन. पण तुमच्याशिवाय मी टेम्पोत चढायची नाही."

मग सुतार उठले, पटाशी मागविली, आणि स्वतः बसविलेली चौकट स्वतःच्या हाते उखडून काढिली, आणि कपाट बाहेर येताच त्या जागी फळ्या ठोकून कूच केले.

शहरी नव्या दारापुढे त्यांनी पुन्हा पटाशी उपसली. कपाट मात्र बेलाशक आत गेले, वर चार बोटे जागा उरली. घरमालक म्हणाले, "बाईंनी भाडं मागाहून विचारलं. आधी पिशवीतून टेप काढून दार मोजलं."

सुतार भिंतीकडे तोंड करून बराच वेळ कपाटाचे पाय सारखे करीत राहिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फत्ते सुतारांच्या नावे लिहावी ऐसा बाईसाहेबांचा हुकूम, सबब तैसे लिहिले आहे.