मागच्या काचेवरचा स्टिकर

ऑर्विलने स्टिकर लावला तो नुसता कसा दिसतो ते बघायला. शनिवारी तो जॅनेलला, आपल्या एकुलत्या एक मुलीला, घेऊन तासाभरावरचं कॉलेज पाहून आला होता. डॉक्टरकीच्या आधीची चार वर्षं तिथे काढायची की बोस्टनला, हे तिला मे उजाडायच्या आत कळवायचं होतं. बोस्टन म्हणजे गाडीने दोन दिवस. जवळच्या कॉलेजातून ती दर शनिवारी धुण्याचं गाठोडं घेऊन घरी आली असती. तिथल्या दुकानात कॉलेजच्या नावाचा पिवळाकाळा स्टिकर दिसला आणि ऑर्विलचा हात आपसूक खिशात गेला. घरी येऊन त्याने तो गाडीच्या मागच्या काचेवर धरला, जरासा दाबला, आणि तो बसला तो बसलाच.

रविवारी चर्चपाशी गाडी थांबते न थांबते तोच अख्ख्या गावाने काच वाचली. आयोवातल्या त्या गावात पोरं कुठे जाणार हे आधी काचेवर कळायचं, मग घरात. चर्चसमोरच राहणारे निवृत्त डॉक्टर हॉगन घरी जाऊन आपला जुना स्टेथोस्कोप घेऊन आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी तो जॅनेलच्या गळ्यात घातला.

"जवळच राहतेस, बरं केलंस पोरी. माझ्यामागं इथं कुणी आलंच नाही बघ."

जॅनेलने आभार मानले आणि वडिलांकडे पाहिलं. ऑर्विल प्रार्थनेनंतर मिळालेल्या कॉफीच्या कपात बघत राहिला. घरी जाताना त्याने चाचपडत विचारलं, "मग, ठरवलंस का गं काही?"

"मला काय विचारता, बाबा? काचेवर लिहिलंय की."

"ऑर्विल," शेजारी बसलेली त्याची बायको लोरेन म्हणाली, "तो स्टिकर काढ."

सोमवारी सकाळी काचेवर दहिवर गोठलं होतं. ऑर्विलने नखाने खरवडलं, पातं चालवलं, रॉकेल चोळलं. शेवटी किटली आणली. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतू नका, असं तो आपल्या हार्डवेअरच्या दुकानात वीस वर्षं गिऱ्हाइकांना बजावत आला होता. त्याने ओतलं. अख्खी काच खडीसाखरेसारखी खाली आली. तळहाताएवढा एकच तुकडा शाबूत राहिला, कारण त्याला स्टिकरने धरून ठेवलं होतं.

आवाजाने शेजारचा पोलीस डेल धावत आला. "शेजारच्या गावची कार्टी असणार," तो म्हणाला. "आपल्या कॉलेजवर जळतात मेली." किटली पाठीमागे लपवून ऑर्विलने मान डोलावली. डेलला इतकं वाईट वाटलं की त्याने घरून तसलाच दुसरा स्टिकर आणून दिला.

डेल गेल्यावर जॅनेल काचेच्या जागी लावायला प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी घेऊन आली. जिभेचं टोक बाहेर काढून तिने पट्टीचे सारख्या मापाचे तुकडे करून ओळीने बोटांच्या टोकांना लावले. सहा वर्षांची असताना ती कुत्र्याला पट्ट्या बांधायची, तेव्हा अशीच जीभ बाहेर काढायची. ऑर्विलने कागदाचा कोपरा धरला.

"मी बोस्टनला गेले तर?" तिने वर न बघता विचारलं.

"तर मला करमणार नाही," तो म्हणाला. "पण जा तू. मी उगाच तो स्टिकर..."

तिने पाठीवरच्या दप्तरातून बोस्टनच्या कॉलेजचा लाल रंगाचा एक स्टिकर काढला. महिनाभर लपवून ठेवल्याने त्याचे कोपरे दुमडले होते. तो तिने प्लास्टिकवर हलकेच लावला.

"काचेवर नको. नंतर निघत नाही म्हणतात."

दोघं हसली, आणि हसता हसता ऑर्विलला डोळे पुसावे लागले. स्टेथोस्कोप ती परत करायला गेली, तर डॉक्टर हॉगन म्हणाले, "असू दे. बोस्टनमध्येही माणसांना छात्या असतात."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. काचेचा तो तुकडा ऑर्विलच्या गल्ल्यावर कागद दाबायला असतो. डॉक्टर जॅनेल नाताळला येते तेव्हा तो उचलून बघते. कुणी गिऱ्हाईक स्टिकर काढायला काही मागायला आलं, तर मागच्या फळीवर चार तऱ्हेच्या बाटल्या असूनही ऑर्विल म्हणतो, "राहू दे की. काय घाई आहे?"