छत्र धरणाऱ्याच्या फोटोची हकीकत

"मथे, कात्री लावणे ती नकलेस लावावी, मूळ फोटोस लावू नये," ऐसे मथुबाईंस हे काम शिकविणारे कोनेरपंत गुरुजी सांगत. त्या वाणीचे स्मरण करून, कुलस्वामिनीस वंदून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी जे घडले ते येथे लिहिले असे. एका राज्यी सरकारांचे, म्हणजे राजेसाहेबांचे, वेबपान होते, आणि आज्ञा ऐसी की शंभर केबीहून जड फोटो त्यावर चढवू नये, कारण डोंगरी मुलखात रेंज दुबळी, पान उघडेतो रयत फिरत्या चक्राकडे पाहत बसे. फोटो हलके करण्याचा हुद्दा मथुबाईंकडे होता. बाईंचा नेम असा की स्नान करून निरांजन लावावे, एक अध्याय वाचावा, मगच संगणकास हात लावावा. आणि मग अवघा दिवस परक्यांची गर्दी कापावी, रुंदी बसवावी, वजन उतरवावे, आणि सांजेस आपले ताट आपणच वाढून घ्यावे. कोनेरपंत कैलासवासी जाहल्यावर "मथे, जेवलीस का?" म्हणणारे कोणी उरले नव्हते.

तों आडदरे गावाहून पत्र आले. भागूबाई नामे विधवेने गुरवाकरवी लिहविले होते: "सरकार आमच्या जत्रेला आले तवा छत्र आमच्या धन्यानं धरलं होतं. मी मागंच होते, सदरा धरून. पंचायतीत पान बघितलं तर सरकार हाईत, छत्र हाय, छत्राचा हात हाय. करंगळी वाकडी, म्हणून वळखला. बाकीचा माणूस कुठं गेला, बाई? ते श्रावणात वारले. दुसरा फोटो न्हाई."

मथुबाईंनी पानावरचा तो फोटो उघडून पाहिला. सरकारांचे मुख मधोमध यावे ऐसी कारभारी विसोजीरावांची आज्ञा होती, आणि त्यापायी ती कड बाईंनीच कापली होती. मग त्या विसोजीरावांकडे गेल्या आणि मूळ फोटो हुडकण्याची परवानगी मागितली. विसोजीराव हसून बोलले, "हात दिसतो ना? अहो, कित्येकांचं नखसुद्धा पानावर येत नाही! लिहा त्यांना, नशीबवान आहात म्हणून." बाई हळूच म्हणाल्या, "हातामागचा माणूस मी कापला, रावसाहेब." "बरं बरं, शोधा. पण पानावरचा बदलायचा नाही हो!"

मग बाईंनी उत्तर धाडिले की दत्तजयंतीच्या आत तुमचा माणूस तुमच्या हातांत देईन, आणि शोध मांडिला. मनी धाकधूक ऐसी की फोटो कापिला त्या दिवशी उपास होता, घाई होती, चुकून मुळासच तर कात्री लागली नसेल? तीन दिवस जुन्या हार्ड डिस्का धुंडाळल्या आणि चौथे दिवशी फोटो सापडला, आठ एमबीचा, अखंड. बाई कडेकडे सरकत गेल्या, तों छत्र, हात, वाकडी करंगळी, मग फेटा, पिकल्या मिशा, आणि त्यामागे भागूबाई, गर्दीत चुकू नये म्हणून सदरा मुठीत घट्ट धरून उभी. बाई किती वेळ पाहतच राहिल्या. कोणाचा सदरा असा धरावा ऐसे त्यांस या जन्मी लाभले नव्हते.

मग सवयीने फोटो शंभर केबीवर आणून पाहिला, तर मिशांचे चौकोन जाहले आणि मुठीची बोटे सदऱ्यात विरून गेली. नुसती जोडी कापून घ्यावी, तर शेजारी उभा असलेला कोणी तिसरा कापला जाई. बाईंनी कात्री बंद केली आणि फोटो जसाच्या तसा मोठ्या कागदावर छापविला. टपाल घाटाखालीच पडून राहते ऐसे कळले. मग रजेचा अर्ज विसोजीरावांच्या मेजावर ठेविला आणि फोटो दोन पुठ्ठ्यांत घालून पदराआड धरिला.

एकंदर इतकेच वर्तमान: पानावर सरकार आणि एक हात राहिले, माणूस कागदावर उतरला, आणि मथुबाई द्वादशीस सकाळच्या एसटीने, रजेच्या मंजुरीची वाट न पाहता, आडदऱ्यास मार्गस्थ जाहल्या.