तळघरातली भीती: पाहणी आणि अंतिम शेरा

जगाचं तापमान वाढलं की माणसाचं मन बिघडतं, हे आता सर्वमान्य आहे. कुठे वणवा, कुठे पूर, कुठे पहाटेपर्यंत न उतरणारा उकाडा. झोप सगळीकडे सारखीच उडते. आमच्या शहराने यावर वेळीच उपाय केला. ‘हवामान-भीती पडताळणी कक्ष’ उघडला. (तिसरा मजला. पाणी तिथवर येत नाही.)

नियम १. भीती जागेवर जाऊन तपासली जाईल.

नियम २. पावसात तपासणी होणार नाही. कर्मचाऱ्यांच्या जिवाची काळजी घेणं हे कक्षाचं कर्तव्य आहे.

नियम ३ विचाराधीन आहे.

अर्जदार: रुग्णालयाच्या तळघरात चादरी धुणारी बाई. गेल्या साली तिथे छातीएवढं पाणी शिरलं. गाठोड्यांच्या ढिगावर चढून ती वाचली. तेव्हापासून आभाळ भरून आलं की तिला तळघरात उतरवत नाही. मागणी: वरच्या मजल्यावर बदली. नाहीतर नोकरी सुटेल, आणि घरात कमावती ती एकटीच.

तपासनीस साहेब लख्ख उन्हाचा दिवस बघून आले.

“हं बाई, घाबरून दाखवा.”

“आत्ता कशी घाबरू, साहेब? ऊन पडलंय.”

“मग अर्ज कशाला केलात?”

“पावसात या ना एकदा.”

“पावसात? या तळघरात? वेड लागलंय का मला?”

शेजारी चादर पिळणारी मावशी म्हणाली, “ही तुमचीच भीती लिहून घ्या की साहेब. मंजूर होईल.”

साहेबांनी लिहिलं: भीती आढळली नाही. (यंदा आलेल्या ९१२ अर्जांपैकी एकातही आढळली नाही. एवढं निर्धास्त शहर जगात शोधून सापडायचं नाही.)

पुढच्या मंगळवारी पाऊस कोसळला. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली ती खाली उतरेचना. तिचा हात धरून मावशीही वरच थांबली. दोघींची गैरहजेरी लागली. दुपारी तळघर छतापर्यंत भरलं.

अंतिम शेरा: अर्जदारास कोणतीही इजा झाली नाही. सबब, भीती निराधार होती. सेवा समाप्त. (मावशीला ताकीद.)

आता पाणी उपसलं आहे, यंत्रं सुरू झाली आहेत आणि एक जागा रिकामी आहे. पात्रता एकच: दुसऱ्याच्या भीतीवर हसू येणं. आपली चाचणी इथवर वाचताना झालीच आहे. सोमवारी सकाळी आठला खाली हजर व्हावं. आभाळाकडे बघू नये.