बारशाच्या रजेची मोहीम, मुक्काम मरोळ

महिनाअखेरीस पगाररूपाने दर्शन देणाऱ्या देवतेस दंडवत घालून, आणि वायफायचा वारा सुरळीत वाहो ऐसी प्रार्थना करून, मौजे मरोळ, तर्फ अंधेरी, येथील काचबंद गढीत जो संग्राम जाहला त्याची हकिकत यथामती कलमबंद करितो. लिहिणारा कोण हे विचारू नये, त्यास नोकरी प्यारी आहे. वाचणाऱ्याने मात्र पोट घट्ट धरावे, कारण की पुढे लिंक्डइनवरील पोस्टींचा मजकूर येणार आहे, आणि तो वाचून भल्याभल्यांस मळमळते.

त्या गढीचे धनी राजमान्य राजेश्री अनिरुद्धराव, किताब 'फाउंडर, स्वप्नद्रष्टा, कथाकार आणि सदैव विद्यार्थी'. कंपनी काय विकते हे खुद्द विकणाऱ्यांस नीट सांगता येत नसे, परंतु राव अष्टौप्रहर एकच जिन्नस विकीत, तो म्हणजे राव स्वतः. लिंक्डइन ही नोकरदारांची चावडी, तेथे जो तो आपला पोवाडा आपणच गातो आणि शेवटी 'नतमस्तक' ऐसे लिहितो. त्या चावडीवर रावांचा दरारा थोर. पहाटे चारास उठून गार पाण्याने स्नान केल्याची पोस्ट राव टाकीत, ती आदल्या रात्रीच लिहून ठेविलेली असे आणि राव नवापर्यंत घोरत असत; मग रिक्षावाल्याने आपणांस नेतृत्व शिकविले ऐसी पोस्ट टाकीत, आणि त्याच रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालीत. एका ओळीस एक वाक्य, मग रिकामी ओळ, मग पुन्हा वाक्य, जणू उचकी लागली आहे. गेल्या साली निम्मी फौज कामावरून काढिली, तेव्हा डोळ्यांत पाणी आणून स्वतःचेच छायाचित्र चढविले. ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांस कोणी विचारले नाही, रावांस मात्र सांत्वनाचे संदेश गावोगावहून आले. आग लागो असल्या रडण्यास.

रावांच्या सरनौबत सुलक्षणाबाई, एचआर महालाच्या मुखत्यार. त्यांचा दस्तूर ऐसा की, रावांची पोस्ट पडताच ऑफिसच्या ग्रुपवर वर्दी द्यावी, आणि सकल फौजेने हातचे काम टाकून तासाभरात पोस्टीखाली स्तुती रुजू करावी. नुसता अंगठा चालणार नाही, शब्द हवेत, आणि दोघांची स्तुती सारखी नसावी. जो चुकेल त्याचे नाव 'संघभावना कमी' ऐशा शेऱ्यानिशी वरिष्ठांकडे जाई. मग ग्राहकांचे फोन वाजत राहात, आणि फौज 'सर, डोळे पाणावले' ऐसे लिहीत बसे. पोस्ट मात्र कोणीच वाचीत नसे.

त्या फौजेत श्रुतिका नामे एक शिलेदार, राहणार घाटकोपर, असल्फ्याच्या चढावरील चाळ, मूळ मुलूख मालवणाकडचा. तिचा भाऊ सिद्धेश यास पुत्ररत्न जाहले आणि गुरुवारी सांजेस बारसे ठरले. आता बारशाचा कायदा सर्वांस ठाऊक आहे की, बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. या बाळास आत्या एकच, ती श्रुतिका, आणि भावाने नाव निवडणेही तिच्याचकडे सोपविलेले. ते नाव तिने मनात धरून ठेविले होते, कोणास सांगितले नव्हते. सबब गुरुवारी अर्धा दिवस रुखसत मिळावी, ऐसी अर्जी तिने दाखल केली.

परंतु गुरुवारीच गढीत टाउनहॉलचा, म्हणजे सकल फौजेच्या सभेचा, दरबार भरणार होता, आणि रावांच्या धंद्यात द्रव्य घालणारे केतनशेठ जातीने येणार होते. तेव्हा रावांचे फर्मान सुटले की, आपण सारे एक कुटुंब आहोत, गुरुवारी कुटुंबाचा सोहळा आहे, सबब कुटुंबातील कोणासही घरी जाता येणार नाही. सुलक्षणाबाईंनी त्यास पुरवणी जोडिली की, नाव व्हिडिओ कॉलवर सांगावे आणि घरच्यांनी बाळाच्या कानाशी फोन धरावा, म्हणजे दोन्ही कामे होतील. काय ही अक्कल! हे वर्तमान घाटकोपरास पोचले तेव्हा मातोश्री प्रेमाबाई फोनवर कडाडल्या.

"फोनार? त्या तुझ्या मॅडमचा नाव काय कोणी फोनार ठेवललां? गो, माका बाकी कायव सांगू नको. तू येतलंस काय नाय, ताच सांग."

"बघते गं आये," इतकेच श्रुतिका बोलली, आणि जिन्यात जाऊन रडली.

गुरुवार उजाडला. केतनशेठ येण्यापूर्वी चावडीवर आपल्या थोर अंतःकरणाचा डंका वाजावा ऐसे रावांच्या मनात आले, परंतु विषय सुचेना, रिक्षावाले सारे वापरून जाहले होते. मग राव अर्ज चाळू लागले, आणि श्रुतिकेची अर्जी हाती लागली, आणि रावांनी तत्काळ पोस्ट लिहिली ती येणेप्रमाणे:

काल एक कर्मचारी माझ्या केबिनमध्ये रडत आली.

तिला आत्या व्हायचं होतं.

तिने अर्धा दिवस मागितला.

मी लॅपटॉप बंद केला.

म्हणालो, 'अर्धा दिवस नाही. उद्यापासून अख्खा आठवडा घे.'

ती निःशब्द झाली.

मीही.

ज्या मुलीस रजा नाकारिली ती चार खुर्च्यांपलीकडे बसली आहे याची रावांस फिकीर नव्हती. आपली माणसे आपली पोस्ट वाचीत नाहीत, नुसती वाखाणितात, ऐसा त्यांचा भरवसा, आणि तो आजवर खरा ठरला होता. परंतु श्रुतिकेच्या शेजारी बसणारा प्रबुद्ध, हा रोज स्तुती करून करून शब्दांनी खंक जाहला होता, आणि एखादा नवा शब्द सापडेल म्हणून त्याने त्या दिवशी पोस्ट वाचिली. रावांची सारी वाट तेथे लागली.

"ए श्रुतिका, थांब! 'झकास सर' टाकू नकोस. आधी वाच."

"अरे... ही तर मीच. पण हा नाही म्हणाला ना मला!"

"जगासमोर हो म्हणालाय ना? अख्खा आठवडा दिलाय यार. कमेंट तर टाकायचीच आहे. टाक, काय असेल ते टाक!"

श्रुतिकेने फोन हाती घेतला. नोकरी गेली तर घर कसे चालावे हा विचार मनात येऊन गेला, आणि आईचा सवालही आला, आणि मग तिने रावांच्या पोस्टीखाली लिहिले की, सर, ती रडणारी कर्मचारी मीच, आपण दिलेला आठवडा घेऊन आज बारशास निघत आहे, बाळातर्फे आभार. मग दस्तुराप्रमाणे सकल फौज तुटून पडली. कोणी लिहिले, श्रुतिका, बिनधास्त जा, सर शब्दाचे पक्के आहेत. कोणी लिहिले, ही आमच्या शेजारीच बसते, आम्ही साक्षीदार आहोत. आणि दोघांची स्तुती सारखी नव्हती. परमुलखातील अनोळखी लोकही बाळाचे अभिनंदन करू लागले. सुलक्षणाबाई आपल्याच हुकमाने चालून आलेल्या फौजेकडे पाहत राहिल्या.

इकडे दरबार भरला, राव माइक धरून सहृदयता या विषयावर बोलू लागले, आणि केतनशेठ सवयीने फोन पाहत होते. पाहता पाहता शेठ उठले, टाळ्या पिटू लागले, आणि ती आत्या कोठे आहे, तिला अद्याप येथे का बसविले, ऐसे भर सभेत विचारिते जाहले. रावांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा जाहला. श्रुतिका पर्स खांद्यास लावून दाराशी पोचली होती, सुलक्षणाबाई आडव्या आल्या होत्या. परंतु टाळ्यांचा गजर ऐकताच बाईंनी स्वहस्ते दार उघडून धरिले. रावांनीही माइकवरून जाहीर केले की, जावे, खुशाल जावे, हेच आमचे कल्चर. खोटे बोलून बोलून माणूस अखेर खरे वागतो, पण किती जड अंतःकरणाने!

मग श्रुतिकेने मरोळ नाक्यावरून कूच केले, मेट्रोने असल्फा गाठिले, आणि पुढे चढ पायी चढू लागली. वाटेत सुलक्षणाबाईंचा खलिता आला की, बाळासोबतचे छायाचित्र ताबडतोब धाडावे, सर दुसरी पोस्ट योजीत आहेत. तिने उत्तर धाडिले नाही, फोन बंद केला.

दारात प्रेमाबाई उभ्याच होत्या. "इलंस गो बाय माझी!" म्हणाल्या आणि हातास धरून तिला आत घेऊन गेल्या. पाळण्याभोवती बायका जमल्या, सिद्धेश एका कोपऱ्यात उगाच फुगे सारखे करीत राहिला, आणि श्रुतिकेने वाकून बाळाच्या कानात कुर्र केले आणि नाव सांगितले, जयवंत. ते तिच्या वारलेल्या बापाचे नाव. सिद्धेशाने ऐकले आणि फुगे सोडून भिंतीकडे तोंड केले. प्रेमाबाई पदर डोळ्यांस लावून हसू लागल्या.

येणेप्रमाणे मरोळची मोहीम फत्ते होऊन बारसे यथासांग पार पडले, हे सर्वांस जाहीर व्हावे. त्या सांजेस अनिरुद्धरावांस चावडीवर हजारो अंगठे मिळाले, आणि श्रुतिकेस, नाव ठेविताच, रिवाजाप्रमाणे भोवतालच्या बायकांनी पाठीत धपाटे घातले. तिने 'अजून घाला गं!' म्हणून पाठ पुढे केली.