ओहोळाकाठी दोघांची सोय

हितेश तांडेलला शांतता हवी होती, आणि हल्ली जे हवं ते फोनवर मागवायचं अशी घरातली रीत असल्यामुळे त्याने तीही फोनवरच मागवली. जव्हारच्या पुढे, डोंगरात, ओहोळाच्या काठी चिंतू नावाच्या गृहस्थाने आपल्या नागलीच्या शेताला लागून पाच तंबू ठोकले होते. व्हिडिओत पाणी खळखळत होतं, वर झाडी दाटली होती आणि एक टोपीवाला माणूस डोळे मिटून दगडावर बसला होता. हितेशला झाडी ठीक वाटली. दगड मात्र फार आवडला, कारण त्यावर एकच माणूस मावत होता.

बोईसरच्या एका केमिकल कंपनीत हितेश सेफ्टी ऑफिसर होता. लोकांना हेल्मेट घालायला लावणं आणि न घातल्यास डोक्याचं काय होतं याची चित्रं भिंतीवर लावणं, हे त्याचं काम. कंपनीत त्याचा शब्द चाले. घरात चालत नसे, कारण घरात शब्दाला जागाच नव्हती. स्टेशनपासून पाच मिनिटांवरचा त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे दांडीपासून माहीमपर्यंतच्या किनारपट्टीवरच्या समस्त नातेवाइकांचं विश्रामगृह होतं. कुणाची गाडी चुकली, कुणाचा दात दुखला, कुणाला लग्नाची साडी घ्यायची झाली, की मंडळी जिना चढत. चुलतभाऊ मेहुल तर मुलाखतीसाठी दोन दिवस म्हणून आला होता. त्याला नोकरी लागून दोन वर्षं झाली, तरी हॉलमधला दिवाण त्याने सोडला नव्हता.

म्हणून हितेशने बायकोला, दिशाला, गॅलरीत बोलावून हळूच सांगितलं. गॅलरीत आईचे बोंबील वाळत असल्यामुळे तिथे सहसा कुणी थांबत नसे.

"शनिवार-रविवार. फक्त तू आणि मी. तंबू बुक केलाय."

"तंबूत?" दिशाने विचारलं. "झोपायचं कशावर?"

"गादी देतात. पातळ असते."

"आणि संडास?"

"आहे. थोडा चालत जावं लागतं. निसर्ग आहे ना तो."

दिशा शाळेत शिकवायची. चाळीस मुलांसमोर दिवसभर उभं राहून आल्यावर निसर्गात चालत जाण्याची कल्पना तिच्या चेहऱ्यावर फारशी खुलली नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या काळात दोघं एकटे म्हणून कुठे गेले असतील तर ते रेशनकार्डावर नाव घालायला. तिने दोरीवरचा एक बोंबील उलटा केला. मग म्हणाली, "बरं. जाऊ. पण कुणाला सांगू नका हां."

"वेडा आहे का मी?" हितेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तेव्हा आई, म्हणजे जमनाबाई, हॉलच्या मधोमध पाय पसरून बसल्या होत्या आणि डोळ्याला पदर लावला होता. डोळे कोरडे होते, पण पदर तयारीत होता.

"जा रे बाबा, जा डोंगरावर. आमी काय, आमी समुद्राच्या तोंडाशी जन्मलो, तितंच मरू."

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंना. सगळा जन्म पाणीच बघितला मी. डोंगर कसा असतो, चढतात कसा, बसतात कुठं, काय म्हाईत नाय मला."

हितेशने मुलीकडे, उन्नतीकडे, संशयाने पाहिलं. उन्नतीने गळ्याची शपथ घेतली. तिला या बातमीतलं एवढंच कळलं होतं की आजी गेली तर तिला घरी सांभाळायला भरवशाचं कुणी उरत नाही, आणि ती आनंदाने बॅग भरायला पळाली. दिशाने स्वयंपाकघरातून कपाळाला हात लावून दाखवला. आता काय करणार, असा त्याचा अर्थ होता. निदान हितेशने तसा लावला.

त्याने चिंतूला फोन केला.

"बोला साहेब! मोठ्यानं बोला, मी टेकाडावर उबा हाय. खाली रेंज नाय."

"अजून एक तंबू मिळेल का? माझी आई आणि मुलगी..."

"मिळंल की! आईला आना. आईशिवाय काय मजा हाय?"

हा माणूस शांततेचा धंदा करतो, याबद्दल हितेशला पहिल्यांदा शंका आली.

मेहुलचा प्रश्न खरं तर नव्हताच. तो स्वतःच म्हणाला, "दादा, तुम्ही जा. मी घर सांभाळतो." हितेशला भरून आलं. पण रात्री जेवताना दिशा सहज बोलली, "चांगलंच झालं. फक्त मेहुलभाऊ, गॅस बंद करत जा हां. परवा दूध उतू जाऊन विझला होता आणि तुम्ही हेडफोन लावून झोपला होतात."

हितेशचा घास हातात राहिला. त्याच्या ऑफिसातल्या भिंतीवर याच विषयाचं एक रंगीत चित्र होतं. त्यात शेवटी घर नसतं.

"मेहुल, तू पण येतोयस," तो म्हणाला.

"पण दादा..."

"चर्चा नको. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

बुधवारी देवूमामा आले. मामांची दांडीला बोट होती, ती इंजिनाच्या दुरुस्तीसाठी किनाऱ्याला लागली होती, आणि मोकळे मामा ही समुद्रावर नव्हे, तर जमिनीवर येणारी आपत्ती होती. सोबत बायडीमामी होत्या, आणि मामींसोबत सुक्या जवळ्याची पिशवी.

"भाच्याच्या बुकिंगात मामा नाय?" मामांनी दारातूनच विचारलं.

"मामा, तसं नाही, ते जंगल आहे. तुमचा गुडघा..."

"गुडघ्याला काय झालंय? बोटीत उबा ऱ्हातो तो! वगळ हाय ना तिकडं? वगळात मासा असल. मी पाग घेऊन येतो."

"ओहोळ आहे मामा. घोट्याएवढं पाणी असतं. तिथे जाळं टाकत नाहीत. तिथे बसून ऐकायचं असतं."

"काय ऐकायचं?"

"पाणी."

मामांनी बहिणीकडे पाहिलं. आपला भाचा कंपनीतल्या धुराने बिघडला, हे त्यांना फार दिवसांपासून वाटत होतंच. "जमने," ते म्हणाले, "आपन घरात बसून फुकट ऐकतो ते ऐकायला हा डोंगरावर चाललाय."

त्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं. जमनाबाईंनी भावाला न विचारता वडसुद्धा पुजला नसता. शिवाय मामांनी गाडी आणायचं कबूल केलं. ती गाडी म्हणजे मासळीचा टेम्पो होता. "तीनदा धुतलाय," ते म्हणाले. हितेशने मालवाहू गाडीतून माणसं नेण्याचे धोके वीस मिनिटं समजावून सांगितले, आणि शेवटी मामा मित्राची तूफान जीप आणायला तयार झाले. चालक सोडून आठ जागा. हितेशने जाहीर केलं, "एका जागेवर एक माणूस. एका तंबूत दोन माणसं. एकही जास्त नाही. यात तडजोड नाही."

"बरोबर बोलतात हे," दिशा ठामपणे म्हणाली. अकरा वर्षांत तिने सर्वांसमोर त्याची बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ. हितेशची छाती फुगली.

त्या भरात त्याने गुरुवारी हॉलमध्ये सर्वांचा सराव घेतला. साप दिसल्यास काय करायचं, हे तो शिकवत होता. "ओरडायचं नाही. पळायचं नाही. जागच्या जागी स्तब्ध उभं राहायचं."

"आन सापानं काय करायचं?" बायडीमामींनी विचारलं. "त्याला सांगितलंय का कुणी?"

सराव तिथेच संपला. त्याच संध्याकाळी माहीमहून सुलूआत्याचा फोन आला. तिने पपया काढून ठेवल्या होत्या, आणि ती शनिवारी पहाटेच येत होती. तिला कुणी सांगितलं, हे हितेशने विचारलंसुद्धा नाही. त्याने फक्त बोटांवर मोजलं. आत्या धरून बरोबर आठ. आठ जागा, चार तंबू. पाचवा तंबू मुंबईच्या एका जोडप्याने घेतला होता, असं चिंतू म्हणाला. "लय शांत मानसं हायेत, साहेब. मौन का काय ते पाळत्यात." हितेशला त्या जोडप्याची मनापासून दया आली. पण हिशोब बसला होता, आणि दगड अजून तिथेच असणार होता. सगळे झोपल्यावर पहाटे आपण दोघांनी जाऊन बसायचं, असं त्याने ठरवलं. एक दगडावर आणि एक शेजारी.

शनिवारी सकाळी तूफान बिल्डिंगखाली उभी राहिली. मामा पुढच्या सीटवर मांडीवर पाग घेऊन बसले. जमनाबाई पहिल्यांदाच पायात बूट घालून खिडकी धरून बसल्या होत्या, आणि पाय पुढच्या सीटवर आपटतील या बेताने हलवून उन्नतीला ते दाखवत होत्या. तेवढ्यात रिक्षा आली. रिक्षातून सुलूआत्या उतरली. तिच्या मागून पपयांची गोणी. गोणीच्या मागून तिच्या भजनी मंडळातल्या पुष्पलता उतरल्या, आणि त्यांच्या मागून त्यांची जाऊ रखमाबाई, काखेत मृदंग घेऊन.

हितेश जागच्या जागी स्तब्ध उभा राहिला.

"आत्या," तो शेवटी म्हणाला, "आठच जागा आहेत."

"अरे, बायका हायेत, बारक्या हायेत. बसतील अंग चोरून."

"नाही. कुणीही अंग चोरायचं नाही. दोन माणसं जास्त आहेत. दोघांना उतरावं लागेल."

हितेशने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं. आईच्या बुटांकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मामांना उतरवलं तर गाडीच उतरली असती. मेहुलचं नाव ओठांवर आलं, तोच दिशा पुटपुटली, "गॅस." पुष्पलता आणि रखमाबाई तोवर आत बसल्या होत्या, आणि रखमाबाईंनी मृदंगासाठी जागाही करून घेतली होती.

"आता असं बग," जमनाबाई खिडकीतून मायेने म्हणाल्या, "तुमी तरुण हाव. तुमी कवाबी जाल. आमचं काय, आज हाय तर हाय."

"पण आई, बुकिंग मी केलंय!"

"म्हणून तर म्हणते. तुझं नाव सांगू ना आमी."

ज्याने चारशे कामगारांकडून नियम पाळून घेतले होते, त्याला आता स्वतःच्या नियमातून पळवाट सापडेना. त्याने गाडीचं दार लावलं, नीट बसलंय का ते दोनदा ओढून पाहिलं, आणि मामांना सीटबेल्ट लावायला सांगितलं. गाडी मनोरच्या रस्त्याला लागली. हॉर्नमागून पपयांचा वास आला आणि गेला.

जिना चढताना हितेश भडकलेला होता. "माझा तंबू! माझी शांतता! आणि मृदंग घेऊन चाललेत! तू पाहिलंस ना, मृदंग!"

दिशा पुढे होऊन किल्ली काढत होती. तिने कुलूप उघडलं, आत गेल्यावर दाराला कडी घातली, मग वरचीही कडी घातली. ती वरची कडी हितेशने घर घेतल्यापासून लागलेली पाहिली नव्हती. तिने दोन कप चहा टाकला. दोनच. मेहुलची चादर घडी करून कपाटात कोंबली आणि दिवाणावर आडवी होऊन पाय लांब केले. दिवाणाचं कापड हिरवं होतं, हे हितेशला त्या दिवशी कळलं.

दुपारी सुलूआत्याचा फोन आला. दिशाचे हात कणकेत होते, म्हणून हितेशने स्पीकर लावला.

"दिशा गं, जव्हारला चहा प्यायला थांबलोय. इथून पुढं फोन लागायचा नाय म्हणतात. तुला सांगायचं म्हणजे, तू पुष्पलता आणि रखमाबाईंना आणा म्हणालीस ते फार बरं केलंस बघ. तू देवूला पण बोलावलंस, जमनेला पण तूच सांगितलंस. आणि स्वतःच राहिलीस गं पोरी! फार मोठं मन तुझं."

फोन बंद झाला. हितेश बायकोकडे वळला. दिशा कणीक मळत राहिली.

"सगळ्यांना तू सांगितलंस?"

"हो."

"आणि आत्याला दोन जास्तीच्या?"

"तुमी नियम मोडणार नाय, आणि आईंना उतरवणार नाय. मग राहिलं कोण?"

"अगं पण मी तुझ्यासाठी केलं होतं! आपण दोघं, निवांत..."

"मला डोंगर नको होता हो," दिशा म्हणाली. तिने कणकेला उगाच एक बुक्की मारली. "मला घर पायजे होतं. हेच. दोन दिवस. दार लावून. दुपारी आडवं व्हायला पायजे होतं आणि कुणी विचारायला नको होतं, बरं नाय का म्हणून."

हितेशला यावर एकही चित्र आठवलं नाही. तो उठला आणि त्याने तिच्या हातातली परात काढून घेतली. त्याच्या पोळ्या कुठल्याही आकाराच्या झाल्या नाहीत, पण त्या मोजायला घरात कुणी नव्हतं. जेवण झाल्यावर दोघं दिवाणाच्या दोन टोकांना डोकं करून पडले. बेल वाजली नाही. स्टेशनवरून गाड्या आल्या, गेल्या, आणि एकही चुकलेला माणूस वर आला नाही.

रविवारी सकाळी दिशा अजून झोपेत होती, तेव्हा चिंतूचा फोन आला.

"साहेब, तुमची मानसं लय भारी! कालपासून भजन चालू हाय. मामांनी वगळात पाग टाकला, एक खेकडा घावला, तर अख्ख्या पाड्याला जेवायला बोलावलं!"

"आणि ते मौनवाले?"

"ते पहाटंच गेले. काय बोलले नाय. मौनच होतं ना त्यांचं." चिंतूचा आवाज एकदम आर्जवी झाला. "म्हणून म्हनतो साहेब, एक तंबू मोकळा झालाय. अगदी पाण्याला लागून. मंडळी अजून दोन दिवस ऱ्हातो म्हनतायत. या की तुमी दोघं!"

हितेशने आत डोकावून पाहिलं. दिशा आडवी-तिडवी पसरून झोपली होती. सकाळचे नऊ वाजले होते, आणि तिला कुणीही उठवलं नव्हतं.

"नाही जमणार, चिंतूभाऊ," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आम्हाला दुसरीकडे जागा मिळाली."

"कुठं वो साहेब?"

"बोईसरला," हितेश म्हणाला. "पण पत्ता कुणाला सांगू नका."