सावळाईची सरकारी नोकरी

एका जंगलात, मुलांनो, देवही होता आणि दरबारही होता. आणि दोघांचं एकमेकांशी काही काम नव्हतं.

देव म्हणजे सावळाई. पाणवठ्याच्या काठाला जांभळाखाली एक काळी गुळगुळीत शिळा होती, तीच सावळाई. ज्याला वाटे तो तिच्यापुढे मान वाकवी. ज्याला वाटत नसे तो पाणी पिऊन घरी जाई. सावळाईने कधी तक्रार केली नाही.

दरबार म्हणजे वडाखालची सपाट जागा. तिथे राजेसाहेब सिंह झोपत आणि प्रधान झिपरोजी अस्वल काम पाहत. काम फार नव्हतं. उन्हाळ्याआधी पाणवठ्यातला गाळ काढून घ्यायचा, आणि पाणवठ्यावर शिकार करायची नाही हा नियम सगळ्यांना पाळायला लावायचा. एवढं केलं की राज्य चाले.

झिपरोजी वाईट नव्हता हं. अंगाने गोल, मनाने मऊ. भांडण दिसलं की त्याच्या पोटात गोळा येई. त्याला मध आवडे, दुपारची झोप आवडे, आणि सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं वाटे. प्रधानाला हे तिसरं परवडत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एके सकाळी सावरी नावाची चितळ दरबारात आली. तिचे डोळे सुजले होते.

"प्रधानजी, माझं पाडस गेलं."

"कुठे गेलं?"

"चट्टेराव बिबट्याच्या पोटात. पाणवठ्यावर. पाणी पीत होतं हो ते. तोंडसुद्धा वर केलं नव्हतं त्याने."

चट्टेराव तिथेच वडाच्या फांदीवर शेपटी सोडून पडला होता. त्याने मिशा चाटल्या.

"तोल गेला माझा," तो म्हणाला. "पाय घसरला आणि ते नेमकं खाली आलं. माझाही फार जीव तुटला."

"मला न्याय पाहिजे," सावरी म्हणाली.

झिपरोजीने राजेसाहेबांकडे पाहिलं. ते घोरत होते. मग त्याने चट्टेरावाच्या नखांकडे पाहिलं. ती जागी होती.

"विचार करतो," तो म्हणाला आणि घरी गेला.

घरी त्याची बायको मोहाबाई चारोळीला न्हाऊ घालत होती. चारोळी म्हणजे त्यांची लेक. सगळं ऐकून मोहाबाई म्हणाली, "यात विचार कसला? नियम आहे, तो मोडलाय. बोलवा त्याला आणि जाब विचारा."

"आणि तो अंगावर आला तर?"

"मग तुम्ही अस्वल कशाला झालात?"

झिपरोजीला हे लागलं. तो तडक बाहेर पडला, पण दरबाराकडे नाही, पाणवठ्याकडे. तिथे त्याने एक गंमत पाहिली. चट्टेराव पाण्यावर आला होता. सावळाईजवळून जाताना त्याने कान पाडले, मान खाली घातली आणि चोरासारखा पुढे सरकला.

झिपरोजीचे डोळे चमकले. आपल्याला जे जमत नाही ते हिला जमतंय!

दुसऱ्या दिवशी त्याने दरबारात जाहीर केलं, "आजपासून पाणवठा सावळाईच्या ताब्यात. नियम जुनाच, पण आता तो सावळाईचा नियम. मोडला तर तिचा कोप होईल."

प्राण्यांना हे फार आवडलं. एका सांबराने तेवढं विचारलं, "सावळाई बोलत नाही. मग तिचं म्हणणं आपल्याला कळणार कसं?"

"मला कळतं," कुणीतरी म्हणालं.

शिळेच्या फटीत एक घोरपडबुवा राहत. पक्ष्यांची अंडी खावीत आणि ऊन शेकत पडावं, हा त्यांचा दिनक्रम. आजवर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आता ते मान डोलवत दरबारात आले, आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव घट्टानंदबुवा पडलं.

"आणि चट्टेरावाचं काय?" सावरीने विचारलं.

"त्याने सावळाईची माफी मागितली आहे," बुवा म्हणाले.

"पण पाडस माझं होतं."

तेवढ्यात कावळ्यांनी आरती सुरू केली, आणि तिचं बोलणं त्यात बुडून गेलं.

खरं सांगायचं तर मुलांनो, सुरुवातीला सगळं छान चाललं. पाणवठ्यावर शिकार थांबली. जो तो झिपरोजीला म्हणे, "काय डोकं चालवलंत प्रधानजी!" झिपरोजी मध खाई आणि लाजे.

मग बुवा अधूनमधून फटीतून डोकं बाहेर काढू लागले. "सावळाई म्हणते..." एवढे शब्द आले की सगळे गप्प होत.

सावळाई म्हणते, पाणी पिण्याआधी मान वाकवा. याला कोण नाही म्हणणार? सावळाई म्हणते, मान डावीकडून वाकवा. बरं, डावीकडून. सावळाई म्हणते, दरबार आरतीने सुरू करा. कावळ्यांची आरती लांबत लांबत दुपारपर्यंत जाई, आणि ती संपली की राजेसाहेबांच्या विश्रांतीची वेळ होई. तक्रारी तशाच राहत. झिपरोजीला यात काही वाईट दिसलं नाही. उलट त्याच्या पोटातला गोळा विरघळला.

त्या जंगलात साळिंदरंही होती. ती चांदोबाला मानत. पाणवठ्यावर येत, गुपचूप पाणी पीत आणि जात. बुवांनी त्यांच्या म्हातारीला, काटेआजीला, बोलावणं धाडलं.

"तुम्ही मान का वाकवत नाही?"

"आमचा चांदोबा आहे ना," काटेआजी म्हणाली. "सावळाईशी आमचं भांडण नाही. आम्ही तहान लागली म्हणून येतो."

"यामुळे भक्तांच्या भावना दुखावतात."

भक्तांच्या भावना तेव्हा फार नाजूक झाल्या होत्या. कुठे धक्का लागेल सांगता येत नसे, कारण त्यांची जागा रोज बदलत असे.

झिपरोजीने तोडगा काढला. टेकडीपलीकडे चिखलाचं एक डबकं होतं, ते त्याने साळिंदरांना देऊन टाकलं. "तुमच्याच सोयीसाठी," तो म्हणाला.

"आमची सोय करताना एकदा आम्हाला विचारत जा," काटेआजी म्हणाली आणि आपलं बिऱ्हाड घेऊन टेकडी चढू लागली. झिपरोजी जरा ओशाळला. पण कुणी ओरडलं नव्हतं, कुणी मारामारी केली नव्हती, म्हणजे काम चांगलंच झालं असणार असं त्याने मनाला समजावलं.

पुढे सावळाईच्या सेवेला सेवक हवेत असं ठरलं. सेवकांचा प्रमुख कोण? चट्टेराव! त्याने आणि सेवक झालेल्या सांबरांनी कपाळावर गेरूचा पट्टा ओढला, आणि पाणवठ्यावर कोण कशी मान वाकवतो ते तो पाहू लागला. सावरी रोज येई. ती फर्मान निघायच्या आधीपासून मान वाकवत होती. आता मात्र मान वाकवताना तिचे डोळे मिटत नसत.

उन्हाळा जवळ आला तेव्हा रानम्हशी दरबारात आल्या. "प्रधानजी, गाळ कधी काढायचा?"

"गाळ?" बुवा कडाडले. "ती सावळाईच्या पायांची माती आहे! तिच्यात खूर घालणार तुम्ही?"

म्हशी परत गेल्या. खरं म्हणजे त्यांनाही कंटाळाच आला होता. झिपरोजीही झोपायला गेला. देवाने आपलं आणखी एक काम कमी केलं, असं त्याला वाटलं.

मग उन्हाळा आला. मुलांनो, उन्हाळ्याला आरती कळत नाही. पाणवठा आक्रसला. कडेची माती फुटून तिच्या खपल्या झाल्या. मधोमध हिरवट चिखल राहिला आणि त्यात बेडूक उताणे पडले.

पूर्वी पाणी आटलं की सगळे प्रधानाला शिव्या देत. आता खातं सावळाईचं होतं. एका रानडुकराने तिच्या अंगाला पाठ घासली आणि म्हणाला, "काय उपयोग हिचा?" कुणी तिच्याकडे पाहून थुंकलं. जन्मात पहिल्यांदाच सावळाईला शिव्या बसत होत्या. सरकारी नोकरी म्हटली की हे आलंच.

बुवांनी डोकं बाहेर काढलं. "पाप वाढलंय," ते म्हणाले.

"कुणाचं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून टेकडीकडे पाहिलं, आणि सगळ्यांना हलकं हलकं वाटलं.

त्याच सुमाराला चारोळी आजारी पडली. तिची जीभ कोरडी पडली, ती उठेना, मधाकडे बघेना. झिपरोजी सावळाईपुढे जाऊन बसला. मोहाबाईने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग तिने लेकीला मानगुटीला धरून उचललं आणि टेकडी ओलांडली.

पलीकडे पाहते तर काय! साळिंदरांनी ते डबकं नखांनी उकरून खोल केलं होतं, चिखल उपसून काठावर रचला होता, आणि आत स्वच्छ पाणी साठलं होतं. काटेआजीने काही विचारलं नाही. बाजूला सरकून तिने जागा करून दिली. चारोळी प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली आणि मग रडली. रडायला लागली म्हणजे जगली, असं मोहाबाई म्हणाली.

टेकडीवरून सेवकांनी हे सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी झिपरोजी दरबारात आला, तर मधोमध आरोपीच्या जागी त्याची बायको उभी, आणि तिच्या पायांत लेक.

"प्रधानांच्याच घरी पाप निघालं," बुवा म्हणाले. ते आता राजेसाहेबांच्या शेजारी बसत. "सावळाई म्हणते, या दोघींना जंगलाबाहेर घालवा."

"मी सोडून येतो ना वेशीपर्यंत," चट्टेराव फांदीवरून म्हणाला. त्याने मिशा चाटल्या. वेशीपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, हे सगळ्यांना कळलं.

"बुवा, पोर तहानलेली होती," झिपरोजी म्हणाला.

"मग पाणवठ्यावर प्यायची."

"पाणवठ्यात पाणी नाही!"

हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण अजून कुणी बोललं नव्हतं.

"ऐकलंत? निंदा!" बुवा म्हणाले. "सावळाईची उघड निंदा!"

झिपरोजी राजेसाहेबांकडे वळला. त्यांनी एक डोळा उघडला. "जनभावना काय आहे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराआधीच डोळा मिटला.

तेव्हा सावरी पुढे आली.

"मी बोलते," ती म्हणाली. "माझं पाडस गेलं तेव्हा मी दोन ठिकाणी गेले. सावळाईकडे रडायला आणि तुमच्याकडे न्याय मागायला. सावळाईने मला रडू दिलं. तिचं काम तिने केलं. प्रधानजी, तुमचं कुठाय? तुमचं कामही तुम्ही तिच्याच गळ्यात घातलंत. ते तिचं नव्हतंच. आता सगळे तिच्यावर थुंकतात, आणि तिच्या शेजारी माझ्या लेकराला खाणारा पहारा देतो. मला रडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत तुम्ही."

झिपरोजीच्या पोटात गोळा आला. चांगला नारळाएवढा आला. पण या वेळी तो घरी गेला नाही. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला. तो केवढा उंच आहे हे पुष्कळांना त्या दिवशी कळलं.

"सावळाई आजपासून नोकरीतून मोकळी," तो म्हणाला. "ज्याला मान वाकवायचीय त्याने वाकवावी, डावीकडून, उजवीकडून, कशीही. पाणवठा दरबाराचा, गाळ दरबाराचा आणि नियमही दरबाराचा. चट्टेराव, खाली ये. पाडसाचा जाब दे."

चट्टेरावाने सरळ मोहाबाईच्या पुढ्यात उडी मारली. झिपरोजी मध्ये आला आणि त्याने पंजा उगारला. नुसता उगारला हं. चट्टेरावाचे कान पडले, आणि तो एक पाऊल मागे सरला.

एवढंच करायचं होतं, असं झिपरोजीच्या मनात आलं. एवढंच. त्या पहिल्या सकाळी. त्याला एकदम रडू फुटलं.

पण आता उशीर झाला होता. "भावना दुखावल्या! भावना दुखावल्या!" कावळ्यांनी गलका केला. सांबरं खूर आपटू लागली. बुवांनी प्रधानाला तिथल्या तिथे धर्मबुडवा ठरवलं, आणि ज्यांनी त्याचं डोकं वाखाणलं होतं त्यांनीच त्याला हाकलून दिलं.

झिपरोजी, मोहाबाई, चारोळी आणि सावरी टेकडी चढून गेली. डबक्याशी काटेआजी उभी होती.

"चांदोबाला नमस्कार केलात?" तिने दरडावून विचारलं.

झिपरोजी घाबरून आकाशात चंद्र शोधू लागला. दिवसाढवळ्या कुठला सापडायला!

काटेआजी खदखदा हसली. "थट्टा केली रे. पी पोटभर. पिऊन झालं की गाळ उपसायला लाग. पंजे बरे दिसतायत तुझे."

हळूहळू एकेक जण टेकडी चढू लागला. आधी हरणं आली, मग म्हशी आल्या. त्यांच्यामागून सांबरंही आली, कपाळावरचा गेरू पुसून. सगळ्यांना कामाला लावल्यावर डबक्याचं तळं झालं. एका सशाने सुचवलं, "आजी, ही तर चांदोबाची कृपा! तळं त्याच्याच नावाने करू या, आणि रोज पाण्याआधी..." काटेआजीने अंगावरचे सगळे काटे फुलवले. ससा पुन्हा माती उकरू लागला.

आणि इकडे? इकडे पाणवठ्यावर कुणी येईना. मान वाकवायला कुणी नाही, म्हणजे शिकारीलाही कुणी नाही. राजेसाहेब झोपलेले. चट्टेरावाच्या पोटात कावळे ओरडत होते. बाहेरचे केव्हाच उडून गेले होते.

एके सकाळी तो सावळाईपुढे आला आणि अगदी नीट, डावीकडून, मान वाकवून बसला.

"बुवा," त्याने हाक मारली. "जरा बाहेर या. सावळाई माझ्याशी बोलली."

"काय म्हणाली?" फटीतून प्रश्न आला.

"तेच सांगतो. अंमळ जवळ या."

त्यावर घट्टानंदबुवांनी शिळेला आतून अशी काही मिठी मारली, की इतकी खरी भक्ती त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी प्रधान झालात तर देवाला कारभारात अवश्य घ्या. तो पगार मागत नाही, गाळ काढायला लावत नाही, आणि पाणी आटलं की दोष द्यायला शेजारीही मिळवून देतो. फक्त टेकडीपलीकडे एखादं अधर्मी डबकं राखून ठेवा. भक्तांनाही तहान लागते.